झाड, नग एक

थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची चित्रं तुम्ही पाहिलेली आहेत. नावं ऐकली नसतील कदाचित, पण चित्रं नक्की पाहिली आहेत. हेरिटेज हॉटेलच्या लॉबीत, जुन्या क्लबाच्या जिन्यात, बँकेच्या कॅलेंडरवर, नाहीतर कुठल्यातरी सीईओच्या केबिनमध्ये सोफ्याच्या बरोब्बर वर. फिकट पिवळं आभाळ, मागे पडकं देऊळ, पुढे एक भलंमोठं झाड आणि त्याच्याखाली मुंगीएवढी माणसं. आपण या चित्रांकडे डेस्कटॉपच्या वॉलपेपरकडे बघावं तसं बघतो. म्हणजे बघतच नाही.

त्यातलं एक चित्र मात्र गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याचं छापील नाव 'द सेक्रेड ट्री ऑफ द हिंदूज ॲट गया, बहार'. साल १७९६. डॅनियल मंडळी १७८६ मध्ये चीनमार्गे कलकत्त्याला उतरली तेव्हा पुतण्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता (आपण त्या वयात क्लासच्या नोट्स झेरॉक्स करत होतो). मग सात-आठ वर्षं दोघं देशभर हिंडले. गढवालचे डोंगर झाले, दक्षिणेतली देवळं झाली, १७९३ मध्ये मुंबईही झाली. परत जाऊन लंडनमध्ये 'ओरिएंटल सीनरी' ही मालिका छापली: १७९५ ते १८०८, सहा भाग, १४४ चित्रं. गयेचं झाड त्याच्या पहिल्याच भागात आहे.

छपाईची पद्धत आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी आहे. तिला ॲक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, पत्रा खालून तापवायचा, की कण चिकटून बसतात. मग पत्रा आम्लात. कणांच्या मधल्या फटींतून आम्ल तांबं खातं. जिथे जास्त वेळ खाऊ दिलं तिथे शाई जास्त धरते आणि तो भाग गडद उठतो, जिथे फिकट हवं तिथे आधीच रोगण लावून ठेवायचं. म्हणजे सावली ही सावली नसते, हजारो बारीक ठिपके असतात! आपल्या जुन्या मॉनिटरवर २५६ रंगांत फोटो दाखवायला जे डिथरिंग करायचे त्याचा हा खापरपणजोबा. वर हाताने जलरंग. वडासारख्या झाडाला ही पद्धत फार मानवते, कारण वडात रेषा कमी आणि अंधार जास्त. पारंब्यांच्या मागचा तो थंड, ओला काळोख रेषांनी काढायला गेलं तर नुसती गिजबिज होते.

आता मुद्दा असा की त्या काळात झाडाचंच चित्र का काढावंसं वाटलं? देऊळ असतं, किल्ला असतो, नवाब असतात. झाड काय, सगळीकडे आहे.

याचं उत्तर त्यांच्याकडच्या तेव्हाच्या फॅशनमध्ये आहे. ज्याला रोमँटिक काळ म्हणतात तो हाच. (याचा आपल्या हिंदी पिक्चरमधल्या रोमान्सशी संबंध नाही, तिथे झाडाचा उपयोग फक्त भोवती फिरायला होतो :-) ) विल्यम गिल्पिन नावाच्या एका पाद्र्याने १७९१ मध्ये जंगलाच्या शोभेवर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सरळसोट, निरोगी, भरदार झाड चित्रात काही कामाचं नाही. चित्राला हवं ते म्हातारं झाड: फांदी मोडलेली, शेंडा वाळलेला, बुंध्यात ढोली. लाकडाच्या व्यापाऱ्याला जे झाड टाकाऊ, ते चित्रकाराला मोलाचं. पुढे १८२२ मध्ये जेकब जॉर्ज स्ट्रट या चित्रकाराने 'सिल्वा ब्रिटानिका' काढलं. त्यात इंग्लंडातल्या जुन्या झाडांची 'पोर्ट्रेट्स' आहेत. हा त्याचाच शब्द, पुस्तकाच्या नावात आहे. निसर्गदृश्य नाही म्हणत तो, पोर्ट्रेट म्हणतो, जसं एखाद्या सरदाराचं काढावं तसं. प्रत्येक झाडाला नाव, गाव, घेर, उंची, जमीन कोणाची, त्याच्याबद्दल काय काय बोललं जातं. टॉर्टवर्थ गावचा चेस्टनट त्यात आहे आणि तो आजही उभा आहे.

आता काही लोक म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की ही साहेबांची नजर होती. एकीकडे म्हाताऱ्या झाडांची चित्रं आणि दुसरीकडे जहाजांसाठी जंगलंच्या जंगलं साफ. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज मलबारच्या सागाचं आहे, आणि ते इतकं पक्कं निघालं की इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला जंगल अधिकारी मिळाला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. जंगल जपायचं ते मुख्यतः लाकूड पुरावं म्हणून. गयेच्या चित्रातली माणसंही बघा, झाड किती मोठं ते कळावं एवढ्यापुरतीच तिथे आहेत. फोटोत दगडाशेजारी पेन ठेवतात तशी. आणि मथळा? 'हिंदूंचं पवित्र झाड'. झाडाला नाव नाही! ज्या गयेत वडाच्या झाडाला अक्षयवट म्हणून घरोघरी ओळखतात, तिथे.

हे सगळं मान्य आहे. पण 'साहेबाची नजर' एवढं म्हणून चित्र बाजूला ठेवून देणं मला आळशीपणाचं वाटतं. कारण त्याच काळात त्याच साहेबांपैकी जेम्स फोर्ब्ज नावाचा एक कंपनीचा नोकर होता. १७६५ साली मुंबईला आला, पुढे भडोचला होता. त्याने नर्मदेतल्या बेटावरच्या वडाबद्दल १८१३ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आणि चित्रही छापलं. ते झाड त्याने 'कबीरवड' याच नावाने नोंदवलं, म्हणजे स्थानिक लोक म्हणत त्याच नावाने. (स्पेलिंग विचारू नका.) मोठे बुंधे साडेतीनशे, लहान तीन हजारांवर, घेर सुमारे दोन हजार फूट. नदीच्या पुरात काही भाग वाहून गेला हेही लिहून ठेवलं. आज कबीरवडाला गेलात तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे केवढं होतं याचा आकडा तुमच्या खिशात असतो. किती झाडांबद्दल आपण असं म्हणू शकतो?

आणि इथे मला खर्डी आठवते.

खर्डी म्हणजे कसारा लाइनवरचं स्टेशन, शहापूर तालुका. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते फक्त नाशिकला जाताना खिडकीतून पाहिलंय. मी गेली चार-पाच वर्षं महिन्यातला एखादा शनिवार तिथे असतो, एका मित्राची थोडी जमीन आहे म्हणून. त्या भागात आता 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे पाट्यांखाली प्लॉट विकले जातात, आणि जाहिरातीत हमखास एक जुनं झाड असतं. झाडाखाली पांढरी खुर्ची. डॅनियलने माणसं तरी ठेवली होती, इथे तीही गेली.

झाडांचा इतिहास मात्र त्या सगळ्या लाइनभर पाट्यांवर लिहिलेला आहे. खर्डीच्या पुढचं स्टेशन उंबरमाळी. अलीकडे आंबिवली. मुंबईत वडाळा, चिंचपोकळी, फणसवाडी, ताडदेव, उंबरखाडी. गावांना झाडांची नावं देणारी माणसं आपण, पण एकेका झाडाला नाव देऊन ते लिहून ठेवणारी नाही. खर्डी-शहापूर-मुरबाडकडे तोंडी नावं अजून आहेत. अमक्याचा मोह, वेशीवरचा उंबर, देवाचा वड. मोहाच्या बाबतीत तर ही नावं म्हणजे हक्काचा भाग: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, ती कोणत्या झाडाखाली कोणी वेचायची हे घराघरांत ठरलेलं असतं. ही सगळी माहिती माणसांच्या डोक्यात आहे. बॅकअप नाही. ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं सत्तरीची आहेत आणि त्यांचे नातू भिवंडीच्या गोदामांत नोकरीला आहेत.

या पट्ट्याला झाडाची स्वतःची चित्रपरंपराही आहे. वारली चित्रं. (तिचं माहेर डहाणू-तलासरीकडे, जो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला, पण वारली वस्ती इकडेही आहे.) जिव्या सोमा मशे यांचं काम आठवा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रातल्या झाडाला सावली नसते, क्षितिज नसतं, पडकं देऊळ तर नसतंच. पण झाडात माणसं असतात. कोणी ताडीसाठी वर चढतंय, फांदीवर पक्षी, ढोलीत काहीतरी, बुडाशी कोंबड्या. डॅनियलच्या चित्रात माणूस झाडाचं माप सांगायला उभा आहे, वारली चित्रात माणूस झाडावर कामाला आहे. मला दोन्ही हवीत, हे मात्र स्पष्ट सांगतो. कारण वारली चित्रातलं झाड कुठलं ते कळत नाही. ते झाडपण आहे. आणि रस्त्याचं रुंदीकरण येतं तेव्हा झाडपण तोडलं जात नाही, एक विशिष्ट झाड तोडलं जातं. पंचनाम्यात त्याची ओळख असते ती एवढीच: झाड, नग एक.

तोडलं तर काय बिघडतं, दहा लावू की, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्याकडच्या मॅनेजर लोकांचा हाच लाडका हिशेब: एकाचं दहा महिन्यांचं काम दहा जण एका महिन्यात करतील. ढोलीचा हिशेब तसा बसत नाही. आधी झाड पुरेसं जाड व्हायला लागतं. मग एखादी फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, गाभा कुजत जातो, सुतारपक्षी टोचतात, आणि अशी अनेक दशकं गेल्यावर कुठे घुबड बसेल एवढी जागा होते. ही प्रोसेस पॅरलल चालवता येत नाही.

घुबड हे उदाहरणासाठी उगाच नाही घेतलं. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीने दिसलंच नाही, नामशेष झालं असंच धरून चालले होते, आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये ते नंदुरबारकडच्या सातपुड्यात पुन्हा सापडलं. मग मेळघाट वगैरे. २०१४ मध्ये ते कुठे दिसावं? तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या दारात. तानसा अभयारण्य म्हणजे शहापूर, वैतरणा, पूर्व वाडा आणि आपली खर्डी या वनक्षेत्रांचं मिळून झालेलं जंगल. रानपिंगळा घरटं करतो जुन्या झाडांच्या ढोलीत. म्हणजे १७९१ मध्ये गिल्पिनसाहेबाला चित्राच्या दृष्टीने जे झाड देखणं वाटलं, मोडकं, पोकळ, वठलेलं, नेमकं तेच झाड रानपिंगळ्याला घर म्हणून लागतं. साहेबाला हे अर्थातच माहीत नव्हतं. पण त्याची आवड त्याच्या माहितीपेक्षा शहाणी निघाली, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

बरं, मग अशा झाडाला संरक्षण काय? शहरात आहे. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड म्हणजे 'हेरिटेज ट्री', आणि झाड तोडलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. कल्पना चांगली आहे (रोपांचा हिशेब सोडून). पण कायद्याच्या नावातच 'नागरी क्षेत्र' आहे. दादरचा पन्नास वर्षांचा गुलमोहर हेरिटेज, खर्डीचा दोनशे वर्षांचा वड नाही. ग्रामीण भागाला १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्यात झाडांची यादी आहे: साग, खैर, हिरडा, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ.. लाकूड, फळ, औषध, जे काही उपयोगाचं ते. वड, पिंपळ, उंबर त्या यादीत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायदा आहे, देवराईत देवाची भीती आहे. पण गावठाणातलं, बांधावरचं, रस्त्याकडेचं म्हातारं झाड यातल्या कशातच बसत नाही. आणि शहापूर तालुक्यात रस्ते काही कमी होत नाहीयेत. जुना आग्रा रोड रुंद झालाच होता, आता २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही तालुक्यातून सुरू झालाय. तानसाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय, तेव्हा तिथल्या झाडांचं काय होतं हा प्रश्न 'त्यांचा' आहे असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

माझं मत असं की नवा कायदा येईल तेव्हा येईल, पण नोंद आजही करता येते आणि त्यासाठी लागणारं वहीचं पान आधीच अस्तित्वात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. (तिचं इंग्रजी लघुरूप बीएमसी होतं. गावातही बीएमसी!) या समितीचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही करणं. माधव गाडगीळांनी ही कल्पना लावून धरली, आणि त्यामागचा विचार साधा होता: गावाला जे माहीत आहे ते गावाच्या नावावर, गावाच्या शब्दांत लिहिलं जावं. आता बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या कशा भरल्या गेल्या हे सरकारी कामाची सवय असलेल्यांना सांगायला नको. टेम्प्लेट एक, कॉपी-पेस्ट शंभर. प्रजातींची यादी असते: वड, पिंपळ, उंबर. म्हणजे पुन्हा झाडपणच. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या वहीत स्ट्रटची पद्धत घालावी. प्रजाती नको, झाड लिहा. गावातली वीस-पंचवीस जुनी झाडं. प्रत्येकाचं लोक म्हणतात ते नाव, जागा, घेर, ढोली आहे का, त्यात कोण राहतं, फुलं-फळं कोण वेचतं, कोणता देव, काय गोष्ट सांगतात. आणि एक चित्र. फोटोही चालेल, पण गावात चित्र काढणारं कोणी असेल तर चित्रच बरं. फोटो काढायला एक सेकंद लागतो. चित्राला दोन तास बसावं लागतं आणि तेवढ्या वेळात तीन माणसं येऊन झाडाबद्दल काहीतरी सांगून जातात.

याने झाड वाचेल का? खात्री नाही देत. पण अधिकारी पंचनामा लिहायला येतो तेव्हा 'नग एक' आणि 'नोंदवही पान १४, देवाचा वड, घेर अमुक, मालकी गावठाण' यांत फरक पडतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला शहरातल्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा पुष्कळ जास्त वजन आहे. ग्रामसभेपुढे ठेवायला कागद तर हवा. इंग्लंडातही स्ट्रटच्या सगळ्या झाडांना कायद्याने वाचवलं असं झालं नाही, काही वादळात गेली, काही कुजून. पण आज तिथे जुन्या झाडांची देशभराची यादी आहे, स्वयंसेवक टेप घेऊन हिंडतात आणि भर घालतात. ही सवय एका दिवसात लागत नाही, आधी कोणीतरी पन्नास झाडांची पोर्ट्रेट्स काढून ठेवलेली असावी लागतात.

एक शंका येईल: हे काम आपण शहरातल्यांनी करायचं का? नोंद गावाची, समिती गावाची, नावं गावाची. आपण फार तर टेप धरायची, टायपिंग करायचं आणि मध्ये मध्ये न बोलायचं. हे शेवटचं आपल्या लोकांना सगळ्यात जड जाणार आहे. आणि वटपौर्णिमेला बाजारातून वडाच्या तोडलेल्या फांद्या आणून कुंडीत खोचणाऱ्या शहराने खर्डीच्या माणसाला झाडाचं महत्त्व समजावू नये, हेही ओघाने आलंच.

ज्यांना खरंच यायचंय त्यांच्यासाठी: घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात. साध्या झाडाला दोन माणसं पुरतात, वडाला तीन लागतात आणि पारंब्या धरायच्या की नाही यावर वाद होतो. आम्ही मुख्य बुंधा वेगळा आणि जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळ्या मोजतो, फोर्ब्जसारख्या. शिंप्याची टेप आणू नका, ती पाच फुटांत संपते. हार्डवेअरच्या दुकानात तीस मीटरची फायबरची मिळते. कसारा लोकल पकडा, आसनगाव किंवा टिटवाळा नको, ती मध्येच सोडते.